कार्ल झीग्लर : एका बंधाचा पाठपुरावा



एका रसायनज्ञाच्या संशोधनकार्याचा मागोवा घेणे, हा आजचा विषय आहे. कार्ल झीग्लर हे त्यांचे नाव. जर्मनीत कास्सेल शहराजवळच्या हेल्सा या गावी २६ नोव्हेंबर १८९८ रोजी त्यांचा जन्म झाला, आणि ऑगस्ट १९७३ मध्ये रूर नदीकाठच्या म्यूल्हाइम या नगरीत त्यांचे देहावसान झाले. धातूचा अणू आणि कार्बनचा अणू यांना परस्परांशी जोडणाऱ्या बंधाचा अभ्यास, हा त्यांच्या पाऊणशे वर्षांच्या आयुष्याचा मुख्य व्यवसाय होता. आणि त्या अभ्यासातून जे निपजले, ते आज आपल्या स्वयंपाकघरात, शेतात, रुग्णालयात आणि कारखान्यात इतके सर्वत्र पसरले आहे, की त्याचा कर्ता कोण हे विचारण्याचेही आपल्याला सुचत नाही.

माझे प्रतिपाद्य आरंभीच मांडून ठेवतो, म्हणजे पुढील तपशील कशासाठी सांगितला जात आहे हे श्रोत्यांच्या ध्यानात राहील. झीग्लर यांना १९५३ साली जे यश लाभले त्याचे वर्णन पुष्कळदा भाग्याने पदरात टाकलेले दान असे केले जाते. हे वर्णन मला मान्य नाही. ते यश, माझ्या मते, दोन गोष्टींचे फळ होते : एकाच विषयावर तीस वर्षे अढळ राहिलेली निष्ठा, आणि ती निष्ठा जपण्यासाठी त्यांनी आपल्या धन्यांकडून आगाऊ मिळविलेली स्वातंत्र्याची सनद. या दोहोंपैकी एक जरी नसती, तरी योगायोग दारात येऊन तसाच परत गेला असता.

प्रथम या बंधाविषयी थोडे सांगितले पाहिजे. कार्बन हा सजीव सृष्टीचा आधार आणि धातू हे खनिज सृष्टीचे वैभव. निसर्गात या दोहोंचा थेट संबंध क्वचितच येतो, आणि प्रयोगशाळेत तो घडवून आणला तर तो फार काळ शांत राहत नाही. एडवर्ड फ्रँकलंड या इंग्रज रसायनज्ञाने मारबुर्ग येथे बुन्सेन यांच्या प्रयोगशाळेत १८४९ साली जस्त आणि कार्बन यांची अशी संयुगे तयार केली, तेव्हा हवेचा स्पर्श होताच ती पेट घेतात आणि पाणी पडताच त्यांची भडका उडून राख होते, हे जगाला प्रथम कळले. पुढे १९०० साली फ्रान्समध्ये व्हिक्टर ग्रिन्यार यांनी मॅग्नेशियमची तशीच संयुगे ईथरमध्ये सहज करता येतात हे दाखविले, आणि कार्बनी संश्लेषणाला एक हुकमी साधन मिळाले; त्यासाठी १९१२ चे नोबेल पारितोषिक त्यांना विभागून मिळाले. या बंधाचे सामर्थ्य त्याच्या अस्थैर्यातच आहे. धातू आपला इलेक्ट्रॉन कार्बनकडे सरकवितो. त्यामुळे एरवी निष्क्रिय बसलेला कार्बन इलेक्ट्रॉनांनी संपन्न होतो आणि दुसऱ्या रेणूशी नवा बंध जोडण्यास उत्सुक होतो. कार्बनला कार्बन जोडणे हेच कार्बनी संश्लेषणाचे मर्म असल्यामुळे, अशा अस्वस्थ कार्बनाचे मोल रसायनज्ञाला किती वाटत असेल याची कल्पना यावी.

झीग्लर यांचे वडील धर्मोपदेशक होते. १९१० साली हे कुटुंब मारबुर्गला राहायला आले. पदार्थविज्ञानाच्या एका प्रवेशिकेने मुलाच्या मनात शास्त्राची गोडी उत्पन्न केली, घरीच त्याने छोटी प्रयोगशाळा थाटली, आणि अभ्यासक्रमाच्या इतके पुढे त्याचे वाचन गेले की विश्वविद्यालयात प्रवेश घेताना आरंभीची सत्रे त्याला माफ झाली. कार्ल फॉन ऑव्हर्स यांच्या मार्गदर्शनाखाली १९२० साली, वयाच्या एकविसाव्या वर्षी, त्यांनी डॉक्टरेट मिळविली. त्यानंतर मारबुर्ग, अल्पकाळ फ्रँकफुर्ट, मग १९२६ पासून दहा वर्षे हायडेलबेर्ग आणि १९३६ पासून हाले, असा त्यांच्या अध्यापनाचा क्रम आहे. या बाह्य घटनांत नाट्य फारसे नाही. नाट्य आहे ते काचपात्रांत.

तरुण झीग्लर यांना प्रथम ओढ होती ती मुक्त मूलकांची, म्हणजे ज्याचे चारांपैकी तीनच हात गुंतलेले आहेत अशा कार्बनाची. असे मूलक कशामुळे टिकतात हे पाहण्यासाठी निरनिराळी संयुगे तयार करावी लागत, आणि ती करण्यासाठी पोटॅशियम व कार्बन यांचा बंध असलेली संयुगे हाताशी असावी लागत. १९२०-३० या दशकाच्या उत्तरार्धात असेच एक लालभडक द्रावण ईथरमध्ये तयार असताना त्यात स्टिल्बीन नावाचे, दुहेरी बंध असलेले हायड्रोकार्बन टाकण्यात आले. टाकताक्षणी लाल रंग जाऊन द्रावण पिवळे झाले. रंग पालटला एवढेच पाहून थांबणारा मनुष्य तेथेच थांबला असता. झीग्लर यांनी त्या पिवळेपणाची चौकशी केली, आणि धातू व कार्बन यांचा बंध उघडून त्यात दुहेरी बंधाचे दोन कार्बन सामावले गेले आहेत, असा निष्कर्ष त्यांना मिळाला. नवे संयुग झाले होते, आणि त्याच्या टोकाला पोटॅशियम पूर्ववत जागा धरून होता. टोकाला धातू असाच शिल्लक राहत असेल तर तेथे दुसरा रेणू शिरेल, मग तिसरा, मग चौथा. ब्युटाडाईनवर प्रयोग करता नेमके तसेच होऊन लांब साखळ्या तयार होतात हे त्यांनी दाखविले. पंचवीस वर्षांनंतरच्या महाकार्याचे बीज या एका रंगपालटात होते.

हायडेलबेर्गच्या काळातील दोन कामांचा उल्लेख केल्यावाचून पुढे जाणे अन्यायाचे होईल. पहिले लिथियमचे. तोवर लिथियमची कार्बनी संयुगे विषारी पाऱ्याच्या संयुगांवरून आडवळणाने करावी लागत. १९३० साली झीग्लर आणि त्यांच्या सहकाऱ्याने लिथियम धातू आणि हॅलोजनयुक्त हायड्रोकार्बन यांच्या थेट विक्रियेने ती सिद्ध केली. ब्युटिल लिथियम हे आज ज्याच्यावाचून संश्लेषणाच्या प्रयोगशाळेचे पान हलत नाही असे द्रव्य, या सरळ रीतीमुळेच सर्वांच्या आवाक्यात आले. दुसरे काम मोठ्या कड्यांचे. लांब साखळीची दोन टोके एकमेकांना भेटवून कडे करावयाचे, तर प्रत्येक साखळीला शेजारची साखळीच आधी भेटते आणि कड्याऐवजी गुंता होतो. झीग्लर यांनी द्रावण अत्यंत विरल ठेवले आणि मूळ द्रव्य थेंबाथेंबाने सोडले, म्हणजे साखळीला आपल्याच दुसऱ्या टोकावाचून जवळ कोणी सापडू नये. कस्तुरीच्या गंधाचे मूळ असलेले मस्कोन, पंधरा कार्बनांच्या कड्याचे संयुग, या रीतीने हाती येऊ शकले. १९३५ साली त्यांना लीबिग पदक मिळाले ते या सर्व कार्याच्या गौरवार्थ. हाताळण्यास कठीण अशी द्रव्ये संयमाने हाताळण्याची जी तालीम या वर्षांत घडली, ती पुढे उपयोगी पडणार होती.

आता १९४३ सालाकडे येऊ. म्यूल्हाइम येथे कोळशाच्या संशोधनासाठी एक कैसर विल्हेल्म संस्था होती. १९१२ साली तिची तजवीज झाली, १९१४ साली ती उघडली, आणि फ्रान्स फिशर हे तिचे पहिले संचालक. कोळशापासून द्रवइंधन करण्याची फिशर-ट्रॉप्श रीत येथेच जन्मली. संस्थेचा खर्च बव्हंशी रूर खोऱ्यातील कोळसा उद्योग सोशीत असे, आणि ज्याचा पैसा त्याचा हक्क या न्यायाने संस्थेने कोळशाच्या उपयोगी पडावे अशी अपेक्षा असणे स्वाभाविक होते. फिशर यांच्यामागे संचालकपद स्वीकारण्याची विनंती झाली तेव्हा झीग्लर यांनी ते बिनशर्त पत्करले नाही. कार्बनच्या संयुगांचे समग्र रसायनशास्त्र हे आपले कार्यक्षेत्र राहील, आणि हाती घेतलेल्या कामाचा कोळशाशी प्रत्यक्ष संबंध आहे की नाही याची विचारणा आपल्याला होणार नाही, ही अट त्यांनी घातली, आणि ती मान्य झाल्यावरच होकार दिला.

श्रोतेहो, या अटीकडे मी आपले लक्ष विशेषत्वाने वेधू इच्छितो. युद्ध ऐन भरात होते, प्रत्येक संस्थेकडे तातडीच्या उपयुक्ततेचा तगादा होता, आणि अशा वेळी चव्वेचाळिशीतील एक प्राध्यापक मोठ्या संस्थेचे मानाचे पद समोर असताना, निरुपयोगी वाटेल असे काम करण्याचीही मोकळीक आपल्याला हवी असे म्हणतो. त्यात हट्ट नव्हता. आपला विषय कोळसा नाही, कार्बन आणि धातू यांचा बंध हा आहे, आणि तो सोडून आपण गेलो तर कोळशालाही आपला काही उपयोग होणार नाही, ही त्यांची स्वतःच्या कुवतीविषयीची अचूक जाण होती. आणि नियतीचा न्याय पाहा : कोळशाचा कोक करताना निघणाऱ्या वायूंत एथिलीन हा वायू असतो, तो रूर खोऱ्यात मुबलक होता, आणि ज्या शोधाने म्यूल्हाइमचे नाव जगभर झाले तो एथिलीनचाच होता. कोळशाच्या मालकांनी कोळशाचा आग्रह सोडला, म्हणून कोळशाच्या वायूचे सोने झाले.

युद्ध संपले तेव्हा झीग्लर हाले सोडून म्यूल्हाइमला कायमचे आले. भग्न देशात शास्त्रज्ञांची मोडलेली संघटना पुन्हा उभारण्याचे काम त्यांच्याकडे आले, आणि पुनर्घटित जर्मन रसायनज्ञ संघाचे ते पहिले अध्यक्ष झाले. प्रयोगशाळेत मात्र त्यांनी जुनाच धागा उचलला. एथिल लिथियम तापविले असता त्याचे विघटन होऊन लिथियम हायड्राइड आणि एथिलीन मिळावे. परंतु त्याबरोबर अधिक कार्बनांची संयुगेही मिळतात, असे दिसले. याचा अर्थ, सुटलेले एथिलीन शिल्लक राहिलेल्या लिथियम संयुगाच्या बंधात शिरत होते. म्हणजे पोटॅशियम आणि स्टिल्बीन यांचीच कथा साध्यातल्या साध्या, स्वस्तातल्या स्वस्त वायूबाबत पुन्हा घडत होती. लिथियम हायड्राइड विरघळत नसल्याने काम अडू लागले, तेव्हा अमेरिकेत नुकत्याच सिद्ध झालेल्या लिथियम ॲल्युमिनियम हायड्राइडचा त्यांनी उपयोग केला, आणि तो करताना ध्यानात आले की खरा कर्ता लिथियम नसून त्याच्या सोबतीला आलेला ॲल्युमिनियम आहे.

ट्रायएथिल ॲल्युमिनियम हा दिसण्यात पाण्यासारखा निर्मळ द्रव; पण हवा लागली की तो आपणहून पेटतो, आणि पाण्याचा थेंब पडला तर स्फोट होतो. त्याला सदैव नायट्रोजन किंवा आर्गॉन या वायूच्या आवरणाखाली ठेवावे लागते, आणि एका पात्रातून दुसऱ्यात नेताना काचेच्या सांध्यात एक सूक्ष्म फट राहिली तरी धुराची रेघ उठून ती फट दाखविते. अशा द्रवावर १००-१२० अंश तपमानाला सुमारे १०० वातावरणे दाबाखाली एथिलीन सोडले, की त्याच्या तिन्ही हातांवर साखळ्या वाढू लागतात. गजरा ओवताना नवे फूल नेहमी बोटाशी येते आणि आधीची फुले पुढे सरकतात, त्याप्रमाणे प्रत्येक नवा एथिलीन रेणू ॲल्युमिनियम आणि साखळी यांच्या मधोमध शिरतो आणि जुनी साखळी दोन कार्बनांनी पुढे सरकते. या विक्रियेला वाढीची विक्रिया असे नाव मिळाले. अशा साखळीचे टोक हवेने ऑक्सिडीकृत करून पाण्याने तोडले तर सरळ साखळीची अल्कोहोले मिळतात, आणि त्यांच्यापासून नद्यांत सहज विघटन पावणारी प्रक्षालके होतात. पुढे यावर स्वतंत्र कारखाने उभे राहिले. तथापि साखळी वाढता वाढता शंभरएक एथिलिनांच्या पलीकडे जात नव्हती. मध्येच कोठेतरी नवे एथिलीन साखळीला हुसकावून तिची जागा घेई आणि वाढ खुंटे. खऱ्या अर्थाने ज्याला प्लॅस्टिक म्हणावे अशा पदार्थाला याहून फार लांब साखळ्या लागतात.

येथे निकेलचा प्रसंग येतो. १९५२ सालच्या उत्तरार्धात एर्हार्ड होल्त्सकाम्प हा संशोधक विद्यार्थी हीच परिचित विक्रिया पोलादी दाबपात्रात करीत होता. लांब साखळ्या मिळाव्यात ही अपेक्षा. मिळाले ते जवळजवळ निव्वळ ब्युटीन, म्हणजे दोनच एथिलीन जोडले जाऊन बनलेला चार कार्बनांचा वायू. अनेकदा यशस्वी झालेला प्रयोग एकदा बिघडला, तर पात्र धुऊन पुन्हा प्रयोग करावा आणि बिघडलेल्याची नोंद रोजनिशीत एका ओळीत करून मोकळे व्हावे, असा प्रयोगशाळांचा सर्वसाधारण शिरस्ता आहे. म्यूल्हाइमात तसे झाले नाही. या पात्रात असे काय आहे जे इतरांत नाही, याची कसून चौकशी सुरू झाली. वापरलेली द्रव्ये, पात्र धुण्याची रीत, पात्राचे पोलाद, एकेक दाखला तपासण्यात आला, आणि अखेरीस आरोपी सापडला तो निकेल, पात्राच्या पोलादातून सुटलेला, वजनात न येण्याइतका सूक्ष्म. साखळीला हुसकावून लावणारी जी उपविक्रिया एरवी मंदगतीने चाले, तिला हा निकेलचा अंश शतपट वेग देत होता, आणि म्हणून पहिल्याच पायरीवर साखळी सुटत होती.

झीग्लर यांची थोरवी कोठे असेल तर ती मला या चौकशीत दिसते. ज्याने तीस वर्षे या बंधाचे वर्तन पाहिले होते, त्यालाच हे वर्तन त्या बंधाच्या स्वभावाला सोडून आहे हे उमगले. अन्य कोणाला ते नुसते अपयश वाटले असते. आणि एकदा कारण कळल्यावर, एवढासा निकेल जर इतका प्रभाव गाजवीत असेल, तर इतर धातूंची काय तऱ्हा असेल, हा प्रश्न आपोआप उभा राहिला. आवर्त सारणीतील धातूंची पद्धतशीर झडती सुरू झाली. कोबाल्ट आणि प्लॅटिनम यांनी निकेलचीच री ओढली. परंतु हाइन्त्स ब्राइल या विद्यार्थ्याने ऑक्टोबर १९५३ च्या अखेरीस झिर्कोनियमचे संयुग घालून प्रयोग केला, आणि पात्र उघडले तेव्हा आत एथिलीनच्या बहुवारिकाचा पांढराशुभ्र घट्ट गोळा होता. साखळी तोडणाऱ्याचा शोध चालला असताना साखळी अखंड वाढविणारा सापडला होता.

थोड्याच दिवसांत हाइन्त्स मार्टिन या सहकाऱ्याने झिर्कोनियमऐवजी टायटॅनियमचे टेट्राक्लोराइड घेतले, आणि मग दाबपात्राचीही गरज उरली नाही. हे दृश्य आपण डोळ्यांपुढे आणावे असे आहे. फळे टिकविण्यासाठी वापरतात तशी एक काचेची बरणी. तिच्यात पेट्रोलसारखे एक हायड्रोकार्बन, आणि त्यात ॲल्युमिनियम व टायटॅनियम यांची संयुगे मिसळून झालेला करडा-काळा गढूळ द्राव. वर निष्क्रिय वायूचे आवरण, मध्ये फिरता दांडा, आणि बाहेरून साध्या नळीने येणारे, कोणताही विशेष दाब नसलेले एथिलीन. वायू आत जातो आणि तेथेच नाहीसा होतो. बाहेरून उष्णता न देता द्राव तापत तापत ७० अंशांवर पोचतो. तासाभरात तो इतका घट्ट होतो की दांडा फिरेनासा होतो. मग हवा लागू दिली की उत्प्रेरक नष्ट होऊन काळपटपणा जातो आणि हिमासारखी पांढरी भुकटी हाती येते. याच एथिलीनचे पॉलिथीन इंग्लंडमध्ये इंपीरियल केमिकल इंडस्ट्रीजच्या प्रयोगशाळेत १९३३ साली प्रथम निघाले होते, ते सुमारे १,४०० वातावरणे दाब आणि १७० अंश तपमान यांच्या साहाय्याने. आणि त्या रीतीने काम करणारे कारखाने असेच प्रचंड दाब सोसणारी यंत्रे बाळगून होते. जेथे पोलादी भिंतींचा बंदोबस्त लागत होता, तेथे आता काचेची बरणी पुरत होती. नोव्हेंबर १९५३ मध्ये पेटंटचा अर्ज दाखल झाला.

या नव्या पॉलिथीनचा गुणही निराळा होता. जुन्याच्या साखळ्यांना जागोजागी फांद्या फुटलेल्या असत, त्यामुळे त्या एकमेकींना चिकटून बसत नसत, आणि पदार्थ मऊ, हलका व उष्णतेला लवकर शरण जाणारा होई. टायटॅनियमच्या अणूवर वाढलेल्या साखळ्या सरळ असल्यामुळे त्या दाटीने शेजारी शेजारी रचल्या जात. म्हणून हा पदार्थ अधिक घन, अधिक कठीण आणि उकळत्या पाण्यात टिकणारा झाला. त्याच सुमारास अमेरिकेत फिलिप्स कंपनीच्या होगन आणि बँक्स यांनी क्रोमियमच्या ऑक्साइडने स्वतंत्रपणे असेच पॉलिथीन मिळविले होते, हेही न्यायबुद्धीने नमूद केले पाहिजे.

पुढचा अध्याय मिलान येथील जूल्यो नट्टा यांचा. १९५२ साली झीग्लर यांनी दिलेले व्याख्यान ऐकून नट्टा प्रभावित झाले, आणि मोंटेकाटिनी या इटालियन कंपनीने म्यूल्हाइमशी करारनामा केला. त्यान्वये तेथील वार्ता मिलानला मिळू लागली. ११ मार्च १९५४ रोजी नट्टा यांच्या प्रयोगशाळेत प्रॉपिलीनवर हाच उत्प्रेरक वापरला गेला, आणि जे पॉलिप्रॉपिलीन झाले त्यात साखळीतील एकाआड एक कार्बनावरचा मेथिल गट एकाच बाजूला, शिस्तीत बसलेला असतो, हे क्ष-किरणांच्या साहाय्याने उघड झाले. कृत्रिम रेणूच्या अवकाशरचनेवर उत्प्रेरकाचा असा हुकूम चालतो, ही गोष्ट नवी होती; तोवर ती केवळ सजीवांतील एन्झाइमांची मक्तेदारी मानली जात असे. झीग्लर स्वतः त्याच वाटेवर होते, आणि त्यांच्या आधी नट्टांच्या बाजूने पेटंटचा अर्ज गेल्याने त्यांच्या मनाला झालेले दुःख दीर्घकाळ राहिले. पॉलिप्रॉपिलीनच्या हक्काचे दावे तर कित्येक दशके न्यायालयांत रेंगाळले. १९६३ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मात्र दोघांना मिळून दिले गेले, आणि मला तो निवाडा रास्त वाटतो : एकाने दार उघडले, दुसऱ्याने आतल्या दालनाचा नकाशा काढला. झीग्लर-नट्टा उत्प्रेरक हे जोडनाव शास्त्राने कायम ठेवले आहे.

पेटंटाचे उत्पन्न किती आले आणि त्याचे काय झाले, हाही या चरित्राचा महत्त्वाचा भाग आहे. म्यूल्हाइमची संस्था, युद्धानंतर जिला मॅक्स प्लांक संस्था हे नाव मिळाले, ती या परवान्यांच्या वसुलावर दीर्घकाळ स्वतःच्या पायावर उभी राहिली. सत्तराव्या वाढदिवसाच्या सुमारास झीग्लर यांनी संस्थेच्या संशोधनासाठी ४ कोटी मार्कांचा निधी उभा करून दिला. पतिपत्नींनी प्रेमाने जमविलेला आधुनिक चित्रांचा संग्रह म्यूल्हाइमच्या कलासंग्रहालयाच्या स्वाधीन झाला. १९६९ साली त्यांनी संचालकपद सोडले, तेव्हा त्यांचे शिष्य ग्युंटर व्हिल्के पुढे आले. निकेलच्या त्याच उपद्रवी वर्तनाचा सखोल अभ्यास करून व्हिल्के यांनी निकेलच्या कार्बनी संयुगांचे एक नवे दालनच उभे केले. ज्या धातूने प्रयोग बिघडविला, तोच पुढच्या पिढीचा विषय झाला. त्याच संस्थेचे संचालक बेन्यामिन लिस्ट यांना २०२१ चे नोबेल पारितोषिक उत्प्रेरणातील कामासाठीच विभागून मिळाले. मोकळीक देण्याची रीत संस्थेच्या हाडीमाशी खिळली, की तिचे पीक एका माणसाबरोबर संपत नाही.

आपल्या महाराष्ट्राशी या कथेचा संबंध दूरचा नाही. ठाणे-बेलापूर पट्ट्यात १९६८ साली हेक्स्ट या जर्मन कंपनीच्या सहकार्याने उच्च घनतेचे पॉलिथीन तयार होऊ लागले, ते झीग्लर यांच्याच रीतीने. पितळेचा हंडा डोक्यावर घेऊन दुष्काळी गावच्या विहिरीची वाट तुडविणाऱ्या आमच्या आयाबहिणींच्या हाती हलकी घागर आली, खताची आणि सिमेंटची पोती ज्यूटऐवजी विणलेल्या प्लॅस्टिकची झाली, आणि आज जळगावपासून सोलापूरपर्यंत द्राक्ष, केळी, डाळिंब यांच्या बागांतून ठिबकच्या ज्या काळ्या नळ्या पसरलेल्या दिसतात, त्यांचे सरळ साखळीचे पॉलिथीन अशाच उत्प्रेरकांच्या पोटी जन्मलेले असते. ३ जानेवारी १९५० रोजी पंतप्रधान नेहरूंच्या हस्ते पुण्यात ज्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे उद्घाटन झाले, तिच्यात डॉ. एस. शिवराम यांनी ओलेफिनांच्या बहुवारिकीकरणाचे संशोधन केले, आणि २००२ ते २०१० या काळात ते तिचे संचालक होते.

या उपकारांबरोबर अपकारही झाले, हे सांगितल्यावाचून हे व्याख्यान पुरे होणार नाही. ज्या साखळीला निसर्गातील जिवाणू सहजी तोडू शकत नाहीत, ती साखळी आपण एकदाच वापरून फेकण्याच्या वस्तूंत घातली, आणि आमचे नाले, नद्या आणि समुद्रकिनारे तिने भरून गेले. याचा दोष शोधकर्त्याच्या माथी मारणे मला न्याय्य वाटत नाही. टिकाऊपणा हा त्या पदार्थाचा गुण होता. टिकाऊ वस्तू क्षणभराच्या वापरासाठी काढणे, हा आमच्या व्यवहाराचा अविवेक आहे. तथापि तो दूर करण्याचे कामही रसायनज्ञांकडेच येणार आहे : जोडलेला बंध हव्या त्या जागी, थोड्या उष्णतेने, पुन्हा सोडविणारे उत्प्रेरक शोधणे. म्हणजे ज्या प्रश्नाने १९५२ साली होल्त्सकाम्प आणि झीग्लर यांना खोळंबून ठेवले, साखळी तुटते कशी, तोच प्रश्न आता जगाच्या निकडीचा झाला आहे.

आता समारोप करतो. झीग्लर यांच्या चरित्रातून घेण्यासारखे जे आहे, ते दोन प्रकारच्या माणसांसाठी आहे. तरुण संशोधकांना माझी विनंती अशी की, आपला विषय निवडताना बाजारभाव पाहू नका. एक प्रश्न निवडा, त्याच्याबरोबर वर्षे काढा, आणि तुमच्या अपेक्षेला छेद देणारा जो प्रयोग असेल त्याची रोजनिशीत एका ओळीत बोळवण करू नका. आणि ज्यांच्या हाती संस्थांचा कारभार, अनुदानांचे दप्तर आणि नेमणुकांचे अधिकार आहेत, त्यांना माझी आग्रहाची विनंती आहे की, पुढच्या खेपेस एखाद्या संशोधकाची नेमणूक करताना जो कागद तयार होईल, त्यात कामाची मुदत, खर्चाची मर्यादा आणि अहवालाचा नमुना ही कलमे अवश्य असू द्या. त्यांच्या जोडीला एक कलम असेही लिहा की, या माणसाला आपल्या विषयापुरती मुखत्यारी राहील. म्यूल्हाइमच्या चालकांनी ते १९४३ साली मान्य केले, आणि दहा वर्षांत त्यांना त्याचे फळ मिळाले. आपल्याकडे ते मान्य करण्यास कोणतीही अडचण मला दिसत नाही.